पहिले दोन शब्द

तो आवाज कापायचा म्हणून त्याने माउस तिथवर नेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हा आवाज आपलाच आहे. बाईंच्या एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतं, आणि त्याच्या अगदी सुरुवातीला कुणीतरी बारीक, नाकात, आधीच माफी मागून ठेवल्यासारखं म्हणत होतं, ‘थोडं माइकच्या जवळ येता का, म्हणजे… हां, बास, बास.’ त्याला वाटलं होतं शेजारच्या ऑफिसातला कुणी चुकून दार उघडून आत डोकावला असेल. खरं तर त्याचा आवाज प्रत्येकच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला असायचा. माइक नीट लावायचा, पाहुण्याला दोन वाक्यं बोलायला लावून आवाज तपासायचा, हे काम त्याचंच. पण तेवढा तुकडा तो नुसता बघून कापायचा, ऐकून नाही. बाईंच्या आवाजाचे स्क्रीनवर मोठमोठे डोंगर उठलेले असायचे आणि त्यांच्यापुढे हे एवढंसं वळवळतं गांडूळ. दिसलं की घातली कात्री. आज हेडफोन कानावर होते आणि लक्ष भलतीकडेच होतं, म्हणून ऐकू आला. आरशांच्या दुकानावरून जाताना कुणीतरी पोक काढून चाललेला दिसावा, त्याची कीव यावी, आणि पुढे गेल्यावर कळावं की अरे, तो आपणच, तसं झालं. त्याने हेडफोन काढले. कान तापले होते. आणि नेमका तेव्हाच स्क्रीनच्या कोपऱ्यात बाईंचा मेसेज आला. प्रॉम्प्टर मावशींची मुलाखत तू घेणार आहेस.

त्याने मान वर केली. काचेच्या पलीकडे, रेकॉर्डिंगच्या खोलीत, बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि त्याला अंगठा दाखवत होत्या. बाई म्हणजे त्याच्या मालकीणबाई. पडद्यामागे राबणाऱ्या माणसांना माइकसमोर आणून बोलतं करायचं, असा त्यांचा पॉडकास्ट होता, आणि तो चालायचा तो त्यांच्या आवाजावर. रजईसारखा आवाज. पाहुणा त्यात शिरायचा आणि बोलत सुटायचा. पण मध्यंतरी त्या आवाजाला दृष्ट लागली, घशात गाठी निघाल्या, आणि डॉक्टरांनी तंबी दिली की मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. तेव्हापासून बाई टाइप करून बोलायच्या, आणि तोंडाने भांडायच्या त्याच्या दुप्पट टाइप करून भांडायच्या. त्याने लिहिलं, मला नाही जमणार. त्यांनी लिहिलं, विचारलेलं नाही, सांगितलंय. त्याने लिहिलं की माझा आवाज तुम्ही ऐकलाय का कधी. त्यांनी लिहिलं, रोज ऐकते, काचेतून दिसतो. मग बराच वेळ त्यांची बोटं चालली आणि जे आलं त्याचा मथितार्थ असा, की जाहिरातवाले आपला माणूस आणून बसवायला टपलेत, तोच तो गोड गळ्याचा. तो एकदा त्या खुर्चीत बसला की पुन्हा उठायचा नाही. आणि जन्मभर विंगेत बसून नटांना अडलेले शब्द देणाऱ्या या मावशींनी आजवर कुणाही मुलाखतवाल्याला दाराशी उभं केलेलं नाही, मला हो म्हणाल्यात, पुढच्या आठवड्यात त्या लेकीकडे कायमच्या चालल्यात. तू नाही गेलास तर तो जाणार.

गोड गळ्याच्याला तो ओळखत होता, कानाने. एकदा त्याचं एक रेकॉर्डिंग साफ करायला आलं होतं. त्यात एक नर्सबाई सांगत होती की पहिल्यांदा पेशंट गेला तेव्हा ती औषधांच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि हा मध्येच म्हणाला, ‘वा, फारच सुंदर.’ ते ‘वा’ कापून काढायला त्याला अख्खी दुपार लागली होती, कारण ते नर्सबाईच्या श्वासाला चिकटलं होतं. ते ‘वा’ तो अजून विसरला नव्हता. मावशी बोलतायत आणि हा वा म्हणतोय, हे त्याला मनातसुद्धा आणवेना. पण म्हणून आपण जायचं? आपण? तोंड उघडल्यावर काय होतं हे त्याला लहानपणीच कळलेलं होतं. शाळेत कुणी पाहुणे आले होते आणि त्याला आभार मानायचे होते. चार वाक्यं. घरी पाठ, वर्गात पाठ, झोपेत पाठ. मैदानात सगळी शाळा बसली होती, ऊन होतं, माइकच्या जाळीला गंजाचा वास येत होता, तो वास अजून त्याच्या नाकात आहे. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. आणि मग पुढे पांढरं. विसरलं म्हणतात तसं नव्हे, विसरलेल्या गोष्टीची निदान जागा तरी असते. इथे जागाच नव्हती. आणि मग वरच्या वर्गाच्या रांगेतून ताई उठली, त्याची सख्खी बहीण, हात मागे बांधून तिने खणखणीत आवाजात उरलेली दोन्ही वाक्यं म्हणून टाकली आणि खाली बसली. मैदान हसलं. पाहुणे हसले. तोही हसला, कारण सुटका झाली होती. त्या दिवसापासून त्याच्या वाटचं बोलायचं खातं ताईकडे गेलं. दुकानात ताई, बसच्या तिकिटाला ताई, डॉक्टरकडे याचं पोट दुखतंय हे सांगायला ताई, आणि कुठे दुखतंय हे दाखवायलाही ताई. तिने त्याचं नाव घुम्या ठेवलं ते असंच लाडात ठेवलं, आणि ते नाव त्याला शर्टासारखं बसलं. फक्त कधी कधी, असं काहीच चाललेलं नसताना, म्हणजे दाढी करताना वगैरे, त्याच्या मनात यायचं, की ती जरा थांबली असती तर आपल्याला आठवलं असतं का? हे तिला विचारायचं कसं. विचारलं तर तिला वाटेल मी तक्रार करतोय. आणि तक्रार नव्हतीच.

घरी गेला तेव्हा ताई हॉलमध्ये खोक्यांच्या गराड्यात बसून कपबशा कागदात गुंडाळत होती. दाजींची दुसऱ्या शहरात बदली झालेली, ते पुढे गेले होते, आणि महिनाअखेर तीही जाणार होती. मग या घरात तो एकटा. ताई दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर होती, म्हणजे दिवसभर घाबरलेल्या माणसांना गोड बोलून खुर्चीपर्यंत नेणं हाच तिचा धंदा. जायचं ठरल्यापासून तिचं एकच पालुपद चाललं होतं, की मी गेल्यावर तू उपाशी मरशील घुम्या, कारण जेवण मागवायला बोलावं लागतं. तो म्हणायचा ॲप आहे. ती म्हणायची ॲप बंद पडलं तर? तो म्हणायचा उपाशी मरेन. हे दोघांनाही पाठ झालं होतं, आणि खोकी वाढत गेली तसं ते म्हणताना ती त्याच्याकडे बघेनाशी झाली होती. त्याने मुलाखतीचं सांगितलं तेव्हा ती आधी मनापासून हसली. मग तिने त्याच्याकडे बघितलं आणि हातातली बशी खाली ठेवली. ‘मी येऊ का?’ तिने विचारलं. लहानपणापासून हा प्रश्न आला की त्याचं उत्तर तयार असायचं. या वेळी तो म्हणाला, ‘नको. पण तू मावशी हो.’

तयारी कशी करायची हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, तसं त्याला काहीच कुणी शिकवलेलं नव्हतं, सगळं बघून बघून आणि चुकून चुकून. पण एक गोष्ट त्याच्याकडे होती. मुलाखत घेणारी माणसं कुठे माती खातात ते त्याला तोंडपाठ होतं, कारण ती माती तोच तर उपसायचा. एका दमात दोन प्रश्न विचारले की पाहुणा सोप्याचं उत्तर देतो. प्रश्नातच उत्तर घालून दिलं की तो नुसता हो म्हणतो. तो गप्प बसला की आपणही गप्प बसायचं असतं, पण तिथेच सगळे घाबरतात आणि काहीतरी बोलून मोकळे होतात. स्वतः बाईसुद्धा! बाईंच्या जुन्या मुलाखती त्याने पुन्हा काढल्या, कापलेले तुकडे सुद्धा, आणि ऐकताना त्याला पहिल्यांदा जाणवलं की त्या रजईच्या आवाजालाही प्रत्येक वेळी सुरुवातीला एक बारीक कंप असायचा. तो कंप तोच दर वेळी पुसत आला होता आणि स्वतःच विसरून गेला होता. मग तो मावशींच्या थिएटरात गेला. दुपारची वेळ, नाटक नव्हतं, रखवालदाराने आत सोडलं. विंगेत ती खुर्ची अजून होती, पायाखाली सतरंजीचा तुकडा. तो तिच्यावर बसला. तिथून रंगमंच दिसतच नव्हता म्हणायचा. नटाचा एक कान दिसला असता, पाठीचा अर्धा भाग, आणि हात मागे असला तर हात. प्रेक्षक अजिबात नाहीत. आयुष्यभर नाटक बघितलं आणि नाटक बघितलंच नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आलं आणि ते त्याने तिथेच पुसून टाकलं, कारण हे गोड गळ्याचा बोलला असता. त्यापेक्षा त्याने सतरंजी चाचपून बघितली. पायांनी मध्ये दोन खळगे पडले होते. चपलांचे नव्हेत, उघड्या पायांचे. मग एका म्हाताऱ्या नटाला फोन करायचा होता. नंबर ताईने लावला, ‘बोला हं, देते’ म्हणाली, आणि फोन त्याच्या हातात कोंबून बाथरूममध्ये जाऊन बसली. नट भरभरून बोलला. म्हणाला, मावशी कधी पूर्ण वाक्य द्यायची नाही, पहिले दोन शब्द द्यायची, बाकीचं आपण आपलं. म्हणाला, खरं सांगू का, शब्द फार वेळा लागलेच नाहीत. विंगेत ती पुस्तक उघडून बसलेली दिसली की पुरे व्हायचं. ती नसायची त्या दिवशी मात्र सगळे अडखळायचे. फोन ठेवल्यावर ताई बाहेर आली आणि म्हणाली, बघ, मेला नाहीस.

मुलाखतीचा सराव स्वयंपाकघरात, कारण हॉल खोक्यांनी भरलेला. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. फ्रिज घुरघुरतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो घुरघुराट उतरतो, म्हणून त्याने सवयीने फ्रिज बंद केला, आणि सराव संपल्यावर विसरला. सकाळी दूध नासलेलं, बर्फाचं पाणी ताईच्या नव्या सपातांखाली. तेव्हा ताईने त्याला चांगलाच धुऊन काढला. त्याने सांगितलं की आमच्या धंद्यात यावर एक युक्ती आहे, फ्रिज बंद केला की घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे बाहेर पडताना किल्ली शोधाल आणि फ्रिज चालू कराल. ताईला हे इतकं आवडलं की त्यानंतर रोज सराव सुरू करायच्या आधी तीच त्याची किल्ली घेऊन टोमॅटोच्या शेजारी ठेवायची. मग ओढणी डोक्यावरून घ्यायची, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि मावशी व्हायची. रोज वेगळी. एक दिवस बहिरी मावशी, जिला प्रत्येक प्रश्न दोनदा सांगावा लागायचा. एक दिवस बडबडी, जी पहिल्या प्रश्नाला बाजारात शिरायची आणि बाहेरच यायची नाही, तिला हळूच हात धरून आणायचं कसं ते तो शिकला. एक रडकी. एक दिवस तुसडी, जी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे जात नव्हती, आणि ती करताना ताईच्या गालावर हसू दाबून दाबून खळी पडत होती. सुरुवातीला त्याच्या आवाजात तेच गांडूळ होतं. रात्रीचं जेवण उरकून तो ते रेकॉर्डिंग ऐकायचा, आता कापायला नाही, ऐकायला. चार-पाच वेळा ऐकल्यावर ते गांडूळ जरा ओळखीचं वाटायला लागलं, आणि मग एकदा त्याच्या लक्षात आलं की ‘हां, बास, बास’ मधला ‘बास’ बाबांसारखा आहे. बाबा त्याच्या ताटात वाढताना असंच म्हणायचे, बास, बास, खरं तर ते खाणाऱ्याने म्हणायचं, पण तेच म्हणायचे, आणि वाढतच राहायचे. प्रश्न त्याने कार्डांवर लिहिले होते. ताई म्हणाली फेकून दे. तो म्हणाला नाही, राहू देत. त्यातला एक प्रश्न त्याचा लाडका होता, तो त्याने सतरंजीवर बसून शोधला होता. टाळ्या वाजायच्या तेव्हा तुम्ही कुठे असायचात? ताईला तो त्याने रोज विचारला, आणि रोज ती काहीतरी विनोद करायची. शेवटच्या दिवशी तिने विनोद केला नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती मावशीच्या आवाजात म्हणाली, ‘टाळ्यांना कुठली थांबते मी. घरी पळायचे. घरी धाकटा एकटा असायचा.’ आणि मग दोघंही फ्रिज बंद असलेल्या त्या शांततेत बसून राहिले. तिने चष्मा पुसला. थोड्या वेळाने ती आपल्या आवाजात म्हणाली की आता फ्रिज लाव, लोणी वितळेल.

मावशींनी दार उघडलं तेव्हा त्या ताईच्या कुठल्याच मावशीसारख्या नव्हत्या. उंच, ताठ, केस बारीक कापलेले, आणि घरातही पायात काही नव्हतं. त्यांच्याकडेही खोकी होती, पण ती नीट, भिंतीला टेकून, हजेरीला उभी केल्यासारखी. त्याने माइक लावले, खिडकी लावली, आणि फ्रिज बंद करू का म्हणून विचारलं. त्याने आपली किल्ली आत ठेवली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्याने युक्ती सांगितली. त्यांनी ‘असं’ म्हटलं, बाकी काही नाही. मग त्याच्या धंद्याची दुसरी रीत, खोलीची शांतता घ्यायची. म्हणजे बोलायच्या आधी सगळ्यांनी जरा वेळ काही न करता बसायचं आणि रिकामी खोली रेकॉर्ड करायची, पुढे बोलण्यात कुठे कापाकाप झाली की ठिगळाला उपयोगी येते. एरवी पाहुणे यात चुळबुळतात, हसतात, खोकतात. मावशी अशा बसल्या की खुर्चीत कुणी नसावं. अंधारात बसायची आयुष्यभराची सवय. चुळबुळला तो उलट तोच.

मग त्याने पहिला प्रश्न विचारला, की तुम्ही या कामात कशा आलात. ‘चालत,’ मावशी म्हणाल्या. थिएटर घराजवळच होतं. त्याने हसून बघितलं, त्या हसल्या नाहीत. त्याने विचारलं, पहिला दिवस आठवतो का. त्या म्हणाल्या, नाही. त्याने विचारलं, नटांपैकी कुणाबद्दल काही. त्या म्हणाल्या, ते नटांना विचार. त्यांचा सूर तुसडा नव्हता, हीच तर पंचाईत होती. तुसडी मावशी त्याने घोटून ठेवली होती, तिच्या गालावर खळी पडायची. ही बाई खरंच उत्तर देत होती. तिला जेवढं विचारलं तेवढंच तिने आयुष्यभर दिलं होतं, पहिले दोन शब्द. हे त्याला कळलं, आणि हे कळल्याचं काय करायचं ते कळलं नाही, आणि त्याने पुढच्या प्रश्नाकडे हात नेला तर तिथे पांढरं. कार्डं समोर टेबलावरच होती, हातात धरली की सळसळतात म्हणून त्याने ती मांडून ठेवली होती. अक्षरं दिसत होती. आपलंच अक्षर, निळी शाई, पण ते वाचायचं कसं असतं तेच जणू कुणी काढून घेतलं होतं. गंजाचा वास आला. या स्वच्छ खोलीत, बंद खिडकीच्या आत, माइकच्या जाळीला येतो तो गंजाचा वास. मान आपोआप वळली, उजवीकडे, जिथे वरच्या वर्गाची रांग असायची. तिथे खोकी होती. आता गोड गळ्याचा येणार, त्याला वाटलं, आणि ताई सगळ्यांना हसत सांगेल की जाऊ दे, आमचा घुम्या आहेच तसा, आणि जायचं लांबवेल, आणि आपल्याला बरं वाटेल. बरं वाटेल, हेच वाईट होतं. किती वेळ गेला कळलं नाही. आणि मग कुणीतरी, हवेइतक्या हलक्या आवाजात, पण प्रत्येक अक्षर सुटं सुटं, म्हणालं, ‘टाळ्या वाजायच्या…’

त्याला वाटलं ताईच. मग बघितलं तर मावशी पुढे वाकल्या होत्या, हाताचा पंजा ओठांच्या कडेला आडवा, नजर टेबलावरच्या कार्डावर. उलट्या बाजूने वाचत होत्या. आणि त्याच्याइतक्याच दचकल्या होत्या. हात तसाच धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मग हसल्या, तोंडभर, त्या ताठ चेहऱ्यात इतकं हसू असेल असं वाटलं नव्हतं.

‘चुकलंच माझं,’ त्या म्हणाल्या. ‘तू श्वास घेतला होतास.’

त्याला काही समजेना. तेव्हा मावशी बोलायला लागल्या. म्हणाल्या, माणूस अडला की डोळे फिरवतो, मान वळवतो, कुणी आहे का बघतो. तोवर त्याला शब्द द्यायचा असतो. पण एकदा का त्याने छाती भरून श्वास घेतला, की आपण गप्प. शब्द आत आलेला असतो, श्वास उगाच कुणी घेत नाही. तेव्हा जी मध्ये तोंड घालते ती नवशिकी. ‘पहिल्या वर्षी मी घालायचे. एक बाई भर प्रवेशात माझ्याकडे वळून म्हणाली होती, येतोय ना, थांब की. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. आणि आज बघ, एवढी वर्षं झाल्यावर पुन्हा तेच. भीती वाटली मला. तुझा चेहरा बघून वाटलं, पोरगं पडतंय.’

‘मी पडतच होतो,’ तो म्हणाला.

‘नाही,’ मावशी म्हणाल्या. ‘पडणारा श्वास सोडतो.’

त्याने कार्डं गोळा केली, सारखी केली, आणि त्यांच्या बाजूने वळवून त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणाला, हे तुम्हीच धरा, मी अडलो तर द्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि खुर्चीत त्यांची पाठ बदलली. आता त्या आपल्या जागेवर होत्या. त्याने विचारलं, टाळ्या वाजायच्या तेव्हा तुम्ही कुठे असायचात. ‘चप्पल शोधत,’ त्या लगेच म्हणाल्या. पायांचा आवाज नको म्हणून चपला काढून बसायचं, आणि अंधारात येणारे-जाणारे नट त्या लाथाडत न्यायचे, एक इकडे, एक तिकडे. राजे, नोकर, मेलेले, सगळे. आयुष्यातल्या सगळ्या टाळ्या मी वाकून, एका पायात चप्पल घालून ऐकल्या बघ. आणि मग त्या थांबल्या, आणि तोही थांबला, आणि ती शांतता भरायला तो गेला नाही, आणि त्या पुढे बोलल्या. नवऱ्याबद्दल, जो रोज बाहेर सायकल धरून उभा असायचा आणि ज्याने एकही नाटक बघितलं नाही. लेकीकडे जायचं म्हणून वाटणाऱ्या भीतीबद्दल, की तिथे सगळ्यांना सगळं पाठ आहे, मी पुस्तक कुणासाठी उघडणार. मध्येच तो कार्डावर नसलेलं काही विचारायचा, तेव्हा त्यांचं बोट ओळीवर थांबायचं आणि त्या तशाच, बोट न उचलता, उत्तर द्यायच्या. शेवटपर्यंत त्यांना एकही शब्द द्यावा लागला नाही. निघताना तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला. मावशी फ्रिजला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून, काही न बोलता. त्याने जिना उतरायला पाय टाकला, खिसा चाचपला, परत आला. किल्ली बर्फासारखी गार झाली होती. त्यांनी फ्रिज लावला आणि म्हणाल्या, ‘बघ, मी गप्प होते.’

ऑफिसात त्याने ते रेकॉर्डिंग उघडलं तेव्हा काचेपलीकडून बाई बघत होत्या. तो अडला होता ती जागा सापडायला वेळ लागला नाही, डोंगरांच्या मध्ये पसरलेली सपाट जमीन. त्याने ती मोठी केली, आणखी मोठी केली. श्वासाचा आकार त्याला पाठ होता, इतकी वर्षं तो तेच तर खुडत आला होता, दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं छोटंसं पान. ते पान तिथे होतं. त्याचं. मावशींच्या कुजबुजीच्या आधी, अगदी थोडं आधी, पण आधी. त्याने परत परत ऐकलं. शब्द आला असता. काय आला असता कोण जाणे, कदाचित भलताच, कदाचित अडखळत, पण आला असता. त्या एवढ्याशा पानाकडे तो बघत बसला आणि त्याचे डोळे भरून आले, आणि काचेवर टकटक झाली. बाईंनी हातानेच विचारलं, काय झालं? त्याने हातानेच सांगितलं, काही नाही. मग त्याने ती सपाट जमीन, ते पान, ती कुजबुज, सगळं तसंच ठेवलं. सुरुवातीचं ‘थोडं माइकच्या जवळ येता का’ सुद्धा. बाईंनी सगळं ऐकून एवढंच लिहिलं, पुढच्या पाहुण्याशी मी बोलणी करते, म्हणजे टाइप करते. प्रश्न तुझे तू काढ.

ताईने ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकलं, हेडफोन लावून, दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरून. हॉलमधलं आता जवळजवळ सगळं खोक्यांत गेलं होतं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, तो नुसता तिचा चेहरा बघत होता आणि त्यावरून कुठवर आलंय ते ओळखत होता. ‘चालत’ ला ती फसकन हसली. मग तिच्या कपाळावर आठी पडली, ती पुढे सरसावली, तिची नजर टेबलावरून त्याच्याकडे आली, आणि तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ, टाळ्या वाजायच्या. मैदानातल्या त्या पोरीसारखी तिची पाठ ताठ झाली होती. मग तिने पुढचं ऐकलं. ऐकता ऐकता हात कानांवरून खाली आले. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि त्याची वायर नीट गुंडाळली, मग सोडली, मग परत गुंडाळली.

‘घुम्या,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी शाळेत तू श्वास घेतला होतास का रे?’

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात त्याला तो बारीक कंप ऐकू आला. त्याला काय काय सांगावंसं वाटलं. की मला माहीत नाही. की तू उठलीस तेव्हा मला जगात तुझ्याइतकं कुणी आवडलं नव्हतं. ‘कुणास ठाऊक,’ तो म्हणाला. ‘ते रेकॉर्ड कुठे झालंय.’

ती हसली आणि तिने ओढणीने नाक पुसलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सामान हलवणारे होते, ताईने मुद्दाम त्याचा नंबर दिला होता, कारण तिचा फोन दिवसभर दवाखान्यात खणाणत असतो म्हणे. किती वाजता येऊ, ट्रक कुठे लावू, लिफ्ट मोठी आहे का, हे सगळं विचारणार. त्याने सवयीने फोन तिच्यापुढे धरला. तिने सवयीने हात पुढे केला. दोघांचे हात टेबलावर असे समोरासमोर थांबले, मध्ये वाजता फोन. मग तिने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला, लहान मुलं ठेवतात तसा. त्याने फोन कानाला लावला. पलीकडून माणूस हॅलो हॅलो म्हणत होता. त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि ताई थांबली.